फोन फोडण्याआधी लेकीचे ऐका

या पानावर आपण बोंडअळीवर बोलतो, पीक विम्यावर बोलतो, विहिरीच्या पाण्यावर आणि वीज मंडळाच्या लहरीवर बोलतो. आज घरातल्या एका विषयावर लिहायचे आहे. काहींना तो रुचणार नाही. 'कृषी खात्याच्या माणसाने खत-बियाण्यावर बोलावे, पोरी-पोरांच्या भानगडीत पडू नये', असे म्हणणारे गावोगाव आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो.

झाले असे. एका गावात, नाव लिहीत नाही आणि कोणी विचारूही नये, ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर भरून द्यायला एका शेतकऱ्याच्या अंगणात बसलो होतो. घरात मोठा फोन एकच, तोच माझ्या हातात. ओटीपीची वाट पाहत होतो. ओटीपी काही येईना, पण वरून दुसरेच मेसेज टपटप पडत होते. नाव होते 'प्रॅक्टिकल मॅडम'. पहिला मेसेज, 'अंगणात कोण बसलंय? फोटो टाक.' मग, 'दोन मिनिटं झाली.' मग, 'टाकते का मी टाकू?' बारावीची मुलगी दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. चेहरा पांढरा पडलेला. वडील म्हणाले, "मोटर चालू झाल्याचा मेसेज आसंल, साहेब." मी हसलो, ओटीपी आला, अर्ज झाला, चहा घेतला आणि निघालो.

'मी टाकू' म्हणजे काय, ते मला पाच महिन्यांनी कळले. ते मॅडमचे नाव नव्हते, शेजारगावच्या एका पोराचे होते. दोघांचे वर्षभर जमले होते. मग तिने बोलणे कमी केले, तर त्याच्याकडे तिचे दोन फोटो होते. ते तो तिच्या चुलत्याच्या नंबरवर टाकणार होता. शेवटी टाकलेच. मुलीचे कॉलेज त्याच आठवड्यात बंद झाले. अठरावे नुकतेच सरले होते, उन्हाळ्यात लग्न लागले. पोरगा आजही तालुक्याच्या गावी मोटारसायकलवर फिरतो. त्याला कोणी काही विचारले नाही.

मी त्या दिवशी मेसेज वाचला होता. मुलीचा चेहराही पाहिला होता. हे आपले खाते नव्हे, असे मनाशी म्हणालो. म्हणून आज लिहितो आहे.

तरुण पोरापोरींचे जमणे ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या वेळेला चिठ्ठी होती, यात्रा होती, एसटी स्टँड होते. चिठ्ठी सापडली तर ती जाळता येत होती. प्रेम करावे की करू नये, यावर हा लेख नाही. प्रेमाच्या नावाखाली फोनच्या आधाराने एकाने दुसऱ्याची मान पकडायची, हा जो प्रकार आता सर्रास झाला आहे, त्यावर आहे. आणि तो सुरू होतो तेव्हा जुलूम वाटतच नाही. काळजी वाटते. 'पोचलीस का?' असे विचारणारा पोरगा प्रथम बरा वाटतो. मग 'पोचल्याचा फोटो पाठव' होते. मग 'रात्री अकराला ऑनलाइन दिसलीस, कोणाशी बोलत होतीस, स्क्रीनशॉट दे' होते. मग पासवर्ड. 'माझ्यापासून काय लपवायचे आहे?' हा प्रश्न एकदा आला की मुलगी पासवर्ड देऊन टाकते, आणि तिथून पुढे तिचे सगळे बोलणे तोच वाचतो. मैत्रिणीशी केलेले, मावशीशी केलेले, सगळे. लोकेशन चालू ठेवायला लावतो. व्हॉट्सॲप तिच्या फोनवरून आपल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवतो, ते तिला माहीतही नसते. कित्येक पोरे मुलीला जुना फोन भेट देतात. भेट कसली! आत खाते त्याच्याच नावाचे असते, फोन कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसते. आणि या सगळ्याच्या मध्ये कधीतरी 'विश्वास असेल तर' म्हणून फोटो मागितला जातो. तो एकदा गेला की बाकी काही करावे लागत नाही. नुसते 'टाकू का?' विचारले तरी पुरते.

आता तर मुलीने फोटो पाठवला पाहिजे असेही राहिलेले नाही. व्हॉट्सॲपच्या डीपीवरचा साडीतला चेहरा घेऊन नको ते चित्र तयार करणारी साधने फुकटात मिळतात. त्यामुळे 'फोटो खरा का खोटा' ही चावडीवरची चर्चाच मुळात गैर आहे. मुलीला त्रास दोन्हीत सारखाच होतो.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि बांधावर बसून व्हिडिओ पाहण्याची सोय झाली. २०२० मध्ये करोनाने शाळा बंद केल्या, तेव्हा सोयाबीन विकून, कुठे शेरडू विकून, आपण पोरांच्या हातात फोन दिले, शाळाच त्यात होती म्हणून. ते चुकले असे मी म्हणणार नाही. पण ट्रॅक्टर घेतला तर आपण पोराला क्लच-ब्रेक शिकवतो, उतारावर न्यूट्रल करू नको म्हणून दहादा बजावतो. फोन देताना काय सांगितले? 'अभ्यासालाच वापर.' झाले.

आणि आमच्या घरी हे होणार नाही, ही खात्री! बंधूंनो, २०१७ आठवा. 'बीटीला बोंडअळी येत नाही' असे आपण सगळे म्हणत होतो, आमच्या खात्यातलेही बरेच म्हणत होते. बोंड वरून हिरवेगार, टणक, आणि फोडले की आत गुलाबी अळी. जे शेतकरी फुले उघडून डोमकळ्या बघत होते, कामगंध सापळ्यातले पतंग मोजत होते, त्यांना आधी कळले. बाकीच्यांना वेचणीला कळले. घरातही खुणा असतात. फोन वाजला की मुलगी दचकते. जेवताना तो मांडीखाली ठेवते, संडासलाही सोबत नेते. रात्री उशिरा दबक्या आवाजात समजूत घालत असते, 'नाही रे, खरंच नाही' असे पुन्हा पुन्हा. मैत्रिणी तुटतात, मार्क घसरतात, कॉलेजला जायचे नाही म्हणते आणि कारण सांगत नाही. यातली एखादी खूण कोणत्याही पोरीत दिसते, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. पण चार दिसल्या तर सरळ जवळ बसा.

आता खरा मुद्दा. अशी गोष्ट उघडकीस आली की आपल्याकडे तीन कामे ठरलेली. बाप फोन भिंतीवर आपटतो. मुलीची शाळा बंद होते. आणि पाव्हण्यांना निरोप जातो. तिन्ही कामे त्या पोराच्या पथ्यावर पडतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुलीला धमकी देणाऱ्याकडे हत्यार असते ते कोणते? फोटो नव्हे. 'तुझ्या बापाला कळले तर' हे हत्यार असते. बाप काय करील हे त्या पोराला आणि मुलीला, दोघांनाही पक्के ठाऊक असते, म्हणून ती सहा-सहा महिने सोसते आणि तो मागेल ते देत जाते. बाप काय करील याची भीती नसती, तर पहिल्याच धमकीला ती आईकडे आली असती.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज नावाच्या गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींना मोबाइलबंदी केली, सापडल्यास २१०० रुपये दंड. पोरांना बंदी नाही! यात कोणाचे रक्षण झाले ते मला अजून समजलेले नाही. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठराखालील मुला-मुलींना सरसकट बंदीचा ठराव केला, तो निदान दोघांनाही लागू होता. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत पाडली, आणि ती मला आवडली, कारण तिथे मोठी माणसेही फोन खाली ठेवतात. पण ज्या मुलीचा फोटो आधीच दुसऱ्याच्या फोनात आहे, तिला भोंग्याचा काय उपयोग?

म्हणून सांगतो, फोन फोडू नका. बियाणे उगवले नाही की आम्ही काय सांगतो? पिशवी, तिच्यावरचे लेबल, दुकानाची पावती आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. रागाच्या भरात पिशवी जाळली की तालुका समिती पंचनामा कशाचा करणार? इथे फोन हीच पिशवी आहे. धमकीचे मेसेज पुसू नका. ज्या नंबरवरून, ज्या खात्यावरून आले तो नंबर, खात्याचे नाव, तारीख, वेळ हे सगळे दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि वहीतही लिहून ठेवा. त्याला ब्लॉक करा, पण हे सगळे साठवून झाल्यावर. एक काळजी मात्र घ्या. पुरावा म्हणून तो फोटोच सरपंचाला, मामाला, वकिलाला पाठवत सुटू नका. मुलगी अठराच्या आतली असेल तर असा फोटो नुसता फोनात ठेवून देणेही माणसाला गुन्ह्यात नेऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. फोन आहे तसा पोलिसांपुढे ठेवायचा.

आणि पैसे किंवा आणखी फोटो देऊन प्रकरण मिटत नाही. एकदा दिले की मागणी वाढते, हे सावकाराचे व्याज पाहिलेल्या माणसाला मी सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? मी वकील नव्हे, पण कलमे वाचून लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७८ प्रमाणे मुलीने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणे, किंवा तिच्या फोन-इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे, हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तो 'स्क्रीनशॉट दे' वाला आणि चोरून व्हॉट्सॲप जोडणारा, दोघांनी हे वाचावे. कलम ७७ मध्ये तर एक फार महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. मुलीने फोटो काढू दिला असेल, पण तो तिसऱ्याला दाखवायला संमती दिली नसेल, तर पसरवणे हा गुन्हाच. 'तिनेच तर दिला होता' हे जे पारावर ऐकू येते, त्याला कायद्यात जागा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६-ई, ६७ आणि ६७-अ वेगळी. ६७-अ मध्ये पहिल्याच शिक्षेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. त्यात 'प्रसारित करणे' असा शब्द आहे. म्हणजे मूळ टाकणारा एकटा नव्हे, गावच्या ग्रुपवर 'बघा कोणाची पोरगी' म्हणून पुढे ढकलणारा तुमचा-माझा भाऊही त्यात येतो.

शिक्षा होते का? होते. पश्चिम बंगालमधील पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यात, तमलुकच्या न्यायालयात, असाच खटला चालला. पोरगा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. लग्नाचे आश्वासन, काही वर्षांचे संबंध, मग नकार, मग अश्लील संकेतस्थळावर मुलीचे चित्रण, वर तिचे नाव आणि बापाचेही नाव. मुलीच्या घरच्यांनी २०१७ च्या जुलैत तक्रार दिली आणि २०१८ च्या मार्चमध्ये निकाल लागला. पाच वर्षे सक्तमजुरी. पीडितेला बलात्कारपीडितेप्रमाणे भरपाईच्या योजनेत धरावे, असेही न्यायालयाने सांगितले. नऊ महिन्यांच्या आत! आपला तुकडेबंदीचा दावा किती वर्षे चालतो ते आठवा. त्या बापानेही फोन भिंतीवर आपटला असता तर हा खटला उभा राहिला नसता.

तक्रार कुठे करायची? केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांचे पोर्टल आहे, तिथे स्त्रिया आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० ला फोन. अठराखालच्या मुलासाठी १०९८, बायकांसाठी १८१, आणि जिवावरचे संकट असेल तर ११२. माझ्या ओळखीच्या एका बापाला एका ठाण्यात 'हद्द आमची नाही' म्हणून परत पाठवले होते. नव्या कायद्याप्रमाणे हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे शांतपणे सांगायचे आणि बसून राहायचे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करत नाही, तेव्हा निरीक्षकसाहेबांनाच भेटा. मुलगी लहान असेल तर जबाब घरी येऊन, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. दारात पोलिसांची गाडी उभी राहण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

कंपनीकडेही तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनी असा मजकूर काढायला २४ तासांची मर्यादा घातली होती, २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली; त्याहून जास्त वेळ कंपनीने लावायचा नाही. शिवाय स्टॉप एनसीआयआय नावाची एक फुकट सेवा आहे, अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, आणि टेक इट डाउन ही अठराखालच्यांसाठी. तिथे फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तो ठसा तेवढा जातो. जमीन उचलून न नेता गट नंबरावरून ओळखतात ना, तसे. मग फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सामील कंपन्या तो फोटो ओळखून अडवतात. व्हॉट्सॲपवर माणसामाणसांत फिरणारे मात्र याने थांबत नाही. ते गावानेच थांबवायचे.

पोरांच्या बापांनाही दोन शब्द. आपला पोरगा असे करणार नाही, हीसुद्धा बीटीचीच खात्री. त्याच्या फोनात कोणाचे काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. अठराच्या आत असला तर बाल न्याय मंडळापुढे उभा राहील, वर असला तर सरळ कोर्टात. भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीत हे बसते, तेव्हा बाप माझ्याकडे येऊन म्हणतो, "साहेब, कोणाची ओळख आहे का?" आणि पोरगे स्वतःही फसतात. रात्री अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, दोन मिनिटांत चित्रण होते, सकाळी पैशाची मागणी, दुपारी 'पोलीस अधिकारी' म्हणून कोणाचा तरी फोन. कामगंध सापळ्यात मादीचा खोटा वास ठेवलेला असतो आणि नर पतंग येऊन पडतात, तोच हा धंदा. अशा पोराने घाबरून जिवाचे बरेवाईट करण्याआधी बापाला सांगावे, इतका तरी मोकळेपणा आपल्या घरात आहे का? मुलग्यांना तर रडायचीही सोय नाही आपल्याकडे.

गावच्या अधिकाऱ्यांनो, आपली पदनावे अलीकडे बदलली, माझेही कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले, पण गावाला आपण अजून भाऊसाहेबच. भाऊसाहेब ग्रामसेवक गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. फोटो फिरल्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे घाईचे लग्न निघाले तर ते थांबवणे त्यांचे काम आहे, त्यात पत्रिका छापून झाल्याची सबब चालत नाही. ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात कागदावर आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली ते रजिस्टर उघडून पाहा. अठराखालच्या मुलीवर असा अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हा पोक्सो कायद्यात गुन्हा आहे. मुख्याध्यापक, पोलीस पाटील, सरपंच, कोणीही त्यातून सुटत नाही. 'गावातले गावात मिटवू' म्हणून पोराच्या बापाकडून माफी लिहून घेणे आणि फोटो त्याच्याच फोनात राहू देणे, याला मिटवणे म्हणत नाहीत.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे सरकारने तो सगळ्या गावांपुढे ठेवला. तेव्हा ग्रामसभेच्या ठरावात ताकद नसते असे कोणी म्हणू नये. माझी सूचना अशी: येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एकच विषय घ्या. 'ज्या मुलीचा फोटो किंवा चित्रण फिरवले जाईल तिची शाळा-कॉलेज गाव बंद पडू देणार नाही, आणि तो फोटो पुढे पाठवणाऱ्याची तक्रार ग्रामपंचायत स्वतः करील.' सूचक एका बाईमाणसाने व्हावे.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच अंगणात होतो, दुसऱ्या अर्जासाठी. थोरली सासरी. धाकटी दहावीत आहे, पाणी घेऊन आली आणि लगेच आत गेली. बाप बराच वेळ फोनशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "साहेब, धाकटीला फोन द्यावा का न्हाई?" मी म्हणालो, "द्या. पण आधी तिला स्वतःच्या तोंडानं सांगा की काहीही झालं तरी तुझी शाळा बंद करणार नाही." तो म्हणाला, "तिच्या आईला सांगायला सांगतो." मी म्हणालो, तुम्हीच सांगा. त्यावर तो काही बोलला नाही. ओटीपी त्या दिवशी दोनदा फिरला, तिसऱ्यांदा सर्व्हर बंद पडला. अर्ज राहिला. सोमवारी पुन्हा जाणार आहे.